गाडी पळते, दोस्ती मागेच राहते

ट्रिपचा प्लॅन ठरत असताना प्रत्येक ग्रुपमध्ये बाजूला एक छोटी चर्चा होतेच. ‘त्याला सांगायचं का?’ आता हा ‘तो’ कोण, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दर अर्ध्या तासाने ज्याला गाडी थांबवायची असते, पैसे काढायच्या वेळी ज्याचं पाकीट सापडत नाही, जो भलत्या वेळी भलतंच बोलून बसतो. आणि गंमत बघा, परत आल्यावर वर्षभर किस्से चालतात ते त्याचेच.

सिनेमावाल्यांना ही गोष्ट फार आधी कळली होती. न पटणारी दोन माणसं घ्या, लांबच्या प्रवासाला एकत्र पाठवा, मध्ये चार अडचणी पेरा, बास! १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने हेच केलं आणि पाच ऑस्कर नेली. त्याच गोष्टीवरून आपल्याकडे १९५६ मध्ये ‘चोरी चोरी’ आणि १९९१ मध्ये ‘दिल है के मानता नहीं’ आला. फॉर्म्युला इतका सोपा की तो फसवणं कठीण. म्हणूनच तो फसतो तेव्हा जास्त चिडचिड होते.

‘ड्यू डेट’ बघताना माझी अशीच चिडचिड झाली. २०१० चा हा सिनेमा. दिग्दर्शक टॉड फिलिप्स, ज्याने त्याच्या आदल्याच वर्षी ‘द हँगओव्हर’ दिला होता. समोर रॉबर्ट डाउनी ज्युनियर आणि झॅक गॅलिफिनाकिस. आणखी काय पाहिजे? पीटर हा आर्किटेक्ट, इस्त्रीच्या घडीसारखा नीटनेटका आणि नाकावर राग. बायकोचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि त्याला अटलांटाहून लॉस एंजेलिसला पोहोचायचंय. ईथन हा हॉलिवूडमध्ये नशीब काढायला निघालेला अवली. सोबत एक कुत्रा आणि कॉफीच्या डब्यात वडिलांची रक्षा. विमानात ईथनच्या बडबडीमुळे दोघांनाही उतरवलं जातं, पीटरचं सामान विमानातच राहतं, पाकीट गायब होतं, आणि मग एका भाड्याच्या गाडीतून अख्खी अमेरिका पार करायची वेळ येते.

वाचताना मस्त वाटतंय ना? पडद्यावर मात्र गाडी पुढे जाते आणि गोष्ट आहे तिथेच राहते.

कारण सांगतो. या सिनेमात जे काही घडतं ते फक्त घडतं. ईथनला स्टिअरिंगवर झोप लागते, गाडी पुलावरून खाली कोसळते. मग कुणी तरी रक्षेची कॉफी करून पाजतं. मग मेक्सिकोच्या हद्दीवर अटक, मग पळापळ. प्रत्येक प्रसंग आधीच्यापेक्षा मोठा आणि आधीच्यापेक्षा कमी मजेशीर. तुम्ही यातले दोन प्रसंग अदलाबदल करून बघा, काही फरक पडत नाही. चांगल्या रोड मूव्हीत हे करता येत नाही. तिथे मधला एक थांबा काढला, तर शेवटची दोन माणसं वेगळी असतील.

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आठवा. स्पेनला काय, कुणीही जाऊ शकतं. पण तिथे जे तीन साहसी खेळ ठरतात, ते कुणाच्या तरी भीतीवर नेमकं बोट ठेवतात. अर्जुनला पाण्याची भीती, म्हणून समुद्रात बुडी मारणं हा नुसता प्रेक्षणीय सीन राहत नाही. पाण्यातून वर आल्यावर तो रडतो, तेव्हा आपल्यालाही हलकं वाटतं. ‘दिल चाहता है’मध्येही आकाश आणि सिद यांच्यात फाटतं ते आकाशच्या एका घाणेरड्या कमेंटवरून. तशी थट्टा तो आधीपासूनच करत आलेला असतो, त्या दिवशी ती नको त्या जागी लागते. भांडण असं स्वभावातून यायला हवं, आकाशातून पडायला नको.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. ‘ड्यू डेट’ला ईथन आवडतच नाही. तो जाड आहे, त्याची चाल विचित्र आहे, त्याला काही कळत नाही, हसा! पीटर त्याला वाट्टेल ते बोलतो, त्याच्या कुत्र्यावर थुंकतो, एका लहान मुलाच्या पोटात ठोसाही मारतो. हे सगळं ‘वैतागलाय बिचारा’ या एका सबबीखाली खपून जातं. मधे एका टॉयलेटमध्ये ईथन अभिनय करून दाखवता दाखवता वडिलांच्या आठवणीने कोसळतो. दोन मिनिटं वाटतं, आता सिनेमा सुरू होणार. पण दिग्दर्शकालाच तिथे थांबायला अवघडल्यासारखं होतं, आणि आपण पुन्हा पुढच्या धडपडीकडे. शेवटी ग्रँड कॅनियनला रक्षा सोडली जाते, पाकीट आपल्याकडेच होतं असं ईथन कबूल करतो, आणि थोड्या आदळआपटीनंतर दोघं मित्र होतात. कसे झाले? प्रवास संपला म्हणून झाले!

हीच गोष्ट १९८७ मध्ये जॉन ह्यूजने ‘प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स’मध्ये सांगितली होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला शिकागोतल्या घरी पोहोचायची घाई असलेला नील, म्हणजे स्टीव्ह मार्टिन. आणि गळ्यात पडलेला डेल, म्हणजे जॉन कँडी, शॉवरच्या पडद्यांच्या कड्या विकणारा बडबड्या सेल्समन. मोटेलच्या खोलीत नीलचा संयम सुटतो आणि तो डेलला धुऊन काढतो. आपण हसत असतो. आणि कॅमेरा डेलच्या चेहऱ्यावर थांबतो. त्याला लागलंय. तो शांतपणे सांगतो की मी आहे असा आहे आणि मला मी आवडतो. नील गप्प होतो. आपणही गप्प होतो, कारण एक सेकंद आधी आपणच हसत होतो. शेवटी कळतं की डेलची बायको आठ वर्षांपूर्वीच गेलीय, त्याला जायला घरच नाही. त्या बडबडीमागे काय होतं, याचा उलगडा आधीच्या प्रत्येक प्रसंगातून होत जातो. नील त्याला घरी घेऊन जातो, तेव्हा ती मैत्री फुकटात मिळालेली वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घेता? कॉमेडी आहे, हसा आणि सोडा. आणि ‘ड्यू डेट’ने जगभरात २० कोटी डॉलरच्या वर धंदा केला, म्हणजे लोक हसलेच असणार. मान्य. मीही दोन-चार ठिकाणी हसलो. डाउनीचा वैताग बघायला मजा येतेच. पण आपण कशावर हसतो, ते हळूहळू अंगात मुरतं. ग्रुपमधल्या ‘त्या’ मित्राला बकरा बनवायचं, तो कावराबावरा झाला की ‘चिल मार यार, मस्करी होती’ म्हणायचं, आणि रात्री त्याच्याच गळ्यात हात टाकून फोटो काढायचा. हे आपण करतोच की! असे सिनेमे त्याला सर्टिफिकेट देतात. शेवट गोड झाला म्हणजे मधलं सगळं माफ.

खऱ्या ट्रिपमध्ये तसं होत नाही. तिथे ‘तो’ हसतो, फोटोतही असतो, आणि पुढच्या वेळी ‘नाही जमणार रे, घरी काम आहे’ असं कळवतो. आपल्याला वाटतं, बरं झालं, आपोआप सुटला. त्याला कुठे लागलं होतं, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

तेव्हा येत्या वीकेंडला रोड मूव्ही बघायचीच असेल, तर ‘ड्यू डेट’ राहू द्या, डेल आणि नीलची गोष्ट शोधा. आणि पावसाळ्यात माळशेजला किंवा ताम्हिणीला जायचा प्लॅन शिजत असेल, तर तो जुना प्रश्न ग्रुपमागे कुजबुजू नका. थेट त्यालाच फोन लावा. दर अर्ध्या तासाने गाडी थांबेल, थांबू दे. चहा प्यायला कारण मिळेल.