हिरवळीवर चालू नये

जगात कोणतीही वस्तू स्टाइलची झाली, की तिचा उपयोग संपला असं खुशाल समजावं. सोफा स्टाइलचा आला आणि दुपारी लवंडायची सोय गेली. कप स्टाइलचे आले. त्यांच्या कानात बोट जाईना आणि चहा बशीत ओतून प्यायची चोरी झाली. घरामागचा परस तेवढा यातून सुटला होता. आता त्याचीही पाळी आली आहे.

आमच्या सोसायटीच्या मागे ४० बाय २५ फुटांची एक पट्टी आहे. तळमजल्यावरच्या आजींनी तिथे एक कढीपत्ता, एक लिंबू, एक शेवगा, दोन जास्वंदी आणि आपल्या मोरीच्या पाण्यावर अळू नि केळ, एवढा संसार उभा केला आहे. या बागेला कसलीही स्टाइल नाही. पोह्यांची मोहरी तडतडल्यावर कढीपत्ता संपल्याचं लक्षात आलं, की आमची ही गॅस बारीक करते आणि पोराला खाली पिटाळते. तो परत येईपर्यंत मोहरी जळत नाही, एवढंच काय ते या बागेचं डिझाइन!

तर या पट्टीचं ‘लँडस्केपिंग’ करावं असं आमच्या कमिटीच्या मनाने घेतलं आहे. मीटिंगला एक लँडस्केपवाले गृहस्थ अल्बम घेऊन आले आणि लग्नाच्या स्थळांचे फोटो दाखवावेत तशा त्यांनी चार स्टाइली दाखवल्या : इंग्लिश, फ्रेंच, जपानी आणि मुघल. चारही घराणी मोठी. पण चारही फोटोंत तोडून फोडणीत टाकावं असं एक पान नव्हतं. आता सोयरीक जमवण्यापूर्वी घराण्याची चौकशी करावी, हा आपला रिवाज. मी चौकशी केली, आणि जे कळलं ते कमिटीने ऐकावं अशी हात जोडून विनंती आहे.

फ्रेंच घराणं म्हणजे व्हर्साय. चौदाव्या लुईसाठी आंद्रे ल नोत्रने आखलेली बाग. रस्ते फूटपट्टीने ओढलेले, झाडं कातरीने बेतलेली आणि कारंजी इतकी, की सगळ्यांना एकदम पुरेल एवढं पाणीच नव्हतं. राजा फिरायला निघाला की कारंजीवाले शिट्ट्या घालून एकमेकांना इशारा देत आणि तो येईल तिथलं कारंजं तेवढं उडे. म्हणजे पाळीपाळीने पाणी सोडणं हा काही आपल्याच महापालिकांचा शोध नव्हे. पण याच लुईने राजवाड्याजवळ १६७८ ते १६८३ या काळात एक मोठी फळा-भाज्यांची बाग करवून घेतली. ‘राजाचा भाजीमळा’ हेच तिचं नाव. ती आजही आहे. हे काही अल्बमात नव्हतं.

जपानी म्हटलं की आपल्याकडे दगड आणि खडी. क्योटोच्या रिओआन-जी देवळात पंधरा दगडांची बाग आहे. तिच्या ओट्यावर कुठेही बसलं तरी एखादा दगड लपतोच. (सोसायटीच्या जमाखर्चाचंही तसंच असतं.) पण ते देऊळ, तिथे ध्यान करायचं. नांदत्या घराण्याची बाग पाहायची तर ओकायामाची कोराकुएन, १७०० साली पुरी झालेली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर केलेलं आहे. त्या मूळ बागेत भाताचं खाचर आहे आणि चहाचा मळाही आहे!

मुघलांची चारबाग घ्या. बाबराने आपल्या ‘बागे-वफा’त डाळिंबं, संत्री होती हे तर लिहिलंच आहे, पण मुद्दाम आणवून लावलेली केळ तिथे उत्तम जगली आणि ऊसही लावला, हेही कौतुकाने नोंदवलं आहे. इंग्रजांच्या बड्या घरांपुढे हिरवळ असे हे खरं, पण भिंतीआड भाज्यांचा वाफा असे, आणि अठराव्या शतकात काचेखाली ऊब देऊन हे लोक अननससुद्धा पिकवत.

मंडळी, मुद्दा ध्यानात आला ना? या चारही घराण्यांना परस होता. त्यांनी दिवाणखाना सजवला, पण स्वैपाकघर पाडलं नाही. आपण मात्र सगळ्यांच्या दिवाणखान्यांची नक्कल करतो आणि त्यासाठी स्वतःचं स्वैपाकघर पाडतो!

कमिटीने मन वळवलं आहे ते इंग्लिश हिरवळीकडे. इंग्लंडात बारा महिने पाऊस भुरभुरतो. तिथे गवत लावावं लागत नाही, आवरावं लागतं. म्हणून तर १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने गवत कापायचं यंत्र काढलं. आपल्या पुण्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने गवताला पाणी कोण पाजणार? जन्म बँकेत आकडे मांडण्यात गेल्यामुळे मी हिशेब मांडला. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर ४६५ लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हा सरकारी मापदंड. म्हणजे हे गवत साडेतीन माणसांचं पाणी पिणार! पेशवाईत साडेतीन शहाणे होते, ते निदान राज्याच्या उपयोगी तरी पडत.

आणि गवत कोणतं? तर ‘बर्म्युडा ग्रास’, चौरस फुटाच्या भावाने. हे बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. शेतकरी जिला कंटाळून उपटून बांधावर फेकतो ती, आणि आपण गणपतीला एकवीस वाहतो ती दूर्वा. ती विकत आणायची, तिला टँकरचं पाणी पाजायचं, आणि चतुर्थीला मात्र एक काडी तोडायची नाही. कारण कडेला पाटी असणार, ‘हिरवळीवर चालू नये’.

अळूमुळे डास होतात, असा एक आक्षेप आहे. डास अळूच्या पानात होत नाहीत, तुंबलेल्या पाण्यात होतात. पन्हळीला थोडा उतार द्या, काम भागेल. उलट नव्या नकाशात जे शोभेचं तळं आहे, ते पंप बिघडला की डासांचं प्रसूतिगृहच होणार. दुसरा आक्षेप सौंदर्याचा. लाल जास्वंद, पिवळं लिंबू आणि शेवग्याचा पांढरा बहर ज्यांना सुंदर वाटत नाही, त्यांनी खुशाल भिंतीला हिरवा रंग द्यावा. त्याला पाणी लागत नाही.

मीटिंगमध्ये आजी फारसं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तोडा हवं तर. पण पोरं कढीपत्त्याला म्हणून खाली येतात, चार शब्द बोलतात. गवताकडे कोण येणार?” यावर लँडस्केपवाल्यांच्या अल्बमात फोटो नव्हता.

तेव्हा कमिटीला माझं सांगणं एवढंच, की लावा हवी ती स्टाइल, पण अस्सल लावा. फ्रेंच हवी तर भाजीमळ्यासकट, जपानी हवी तर भातासकट, मुघल हवी तर केळीसकट, इंग्लिश हवी तर वाफ्यासकट. यांतली कोणतीही घेतली तरी आजींचा कढीपत्ता जागचा हलत नाही! आणि पाटीची फारच हौस असेल तर जरूर लावा : ‘लिंबं पिकली आहेत. घरटी दोनच न्यावीत.’