एक विहीर आणि वहीतला रकाना

अर्थशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आपणां सर्वांना एक वक्ररेषा भेटते. एका अक्षावर बंदुका, दुसऱ्यावर लोणी. सॅम्युएल्सनच्या पाठ्यपुस्तकाने हे उदाहरण जगभर पोहोचविले. बंदुका वाढविल्या की लोणी घटते, आणि जे सोडावे लागले तोच मिळविलेल्या वस्तूचा वैकल्पिक खर्च. परीक्षेपुरते हे सर्वांना पाठ असते. परंतु देवळ्याच्या विद्यार्थ्याला बंदुका कशाला हव्यात? आमच्या विहिरीवर हीच रेषा दर हिवाळ्यात आखली जाते.

येथे टंचाई जमिनीची कमी, पाण्याची अधिक. हरभरा एक-दोन पाण्यांवर निघतो. उन्हाळ कांदा पौषात लावायचा, चैत्र-वैशाखात काढायचा. म्हणजे विहीर तळाला जात असतानाच त्याला पाणी हवे. म्हणून एक एकर कांद्यासाठी एकच एकर हरभरा सोडावा लागतो असे नव्हे, त्याहून अधिक सोडावा लागतो. शिवाय कांद्याचा प्रत्येक वाढीव एकर मागच्यापेक्षा महाग पडतो, कारण तो फाल्गुनातले शेवटचे पाणी मागतो. ती रेषा बाहेर का फुगते, हे मला वर्गात नव्हे, मोटार बंद पडल्यावर कळले.

2023 साली पाऊस कमी झाला. तरी वडिलांनी भिजेल तेवढ्या साऱ्या जमिनीत कांदाच धरला. रोपे वाफ्यांत तयार होत असतानाच 8 डिसेंबरला केंद्र सरकारने निर्यातबंदी केली. ती उठली 4 मे 2024 रोजी. तीही किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सरकारपुढेही निवडच होती. शहरातील ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, हे मी नाकारीत नाही. त्यालाही पोट आहे. माझा आक्षेप निराळा आहे. पुस्तकातला माणूस स्वतः निवडतो आणि स्वतःच सोडतो. व्यवहारात निवडणारा एक, सोडणारा दुसरा.

हा आक्षेप आमच्या घरालाही लागू आहे, हे लिहिताना संकोच वाटतो. लागवडीला मजूर मिळेनात. माझे तीन आठवडे तास बुडाले. त्याचे मला फारसे दुःख नाही. परंतु धाकटी बहीण बारावीला होती, आणि तीही सकाळपासून वाफ्यात वाकलेली असे. वडिलांच्या वहीत खते, औषधे, रोजंदारी सारे काही आहे. घरच्या माणसांच्या श्रमापुढे मात्र शून्य.

शेजारच्या बागलाणात मोसम नदीच्या बंधाऱ्यांवर पूर्वी फड पद्धत नांदत होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडीत. एका फडात एकच पीक, आणि पिकांची फेरपालट ठरलेली. पाटकरी पाणी देई. पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरे, आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असल्याने झळही वाटली जाई. त्या पद्धतीत सारेच गोड होते असे नाही. विहिरींवर वीजपंप आले, ज्याची मोटार त्याचे पाणी झाले, आणि फड मागे पडले. तथापि निवडणारा आणि सोडणारा तेथे एकाच पारावर बसत होते.

यंदा मी वडिलांच्या वहीत एक रकाना वाढविला. 'हे काय रे?' त्यांनी विचारले. 'घरच्यांचे बुडालेले दिवस,' मी म्हणालो. त्यांनी वही बराच वेळ हातात धरली, मग बहिणीला हाक मारून नेमके किती दिवस ते विचारले.