हे तुला कुठून कळलं?

२०२५ च्या मार्चमधली ती बातमी आठवतेय? मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगड नावाचा किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या शेतांमध्ये रात्री माणसांची झुंबड उडाली. हातात टॉर्च, कुदळी, फावडी. मोगलांची सोन्याची नाणी सापडतायत अशी आवई उठली होती आणि त्याच्या काही आठवडे आधी ‘छावा’ सिनेमात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग सगळ्यांनी पाहिला होता. शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. व्हिडिओ आपल्याकडेही फिरला, आपण हसलो आणि चार ग्रुपवर ढकलून दिला.

त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. संचारबंदी लागली. तेव्हा हसू आलं नाही.

दोन्ही ठिकाणी माणसं इतिहासासाठीच बाहेर पडली होती, निदान त्यांची तशी समजूत होती. आता ‘छावा’चंच बघा. सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर, कादंबरी १९७९ ची. म्हणजे शेत खणणारा माणूस आणि सतरावं शतक यांच्यामध्ये एक दिग्दर्शक आणि एक कादंबरीकार असे दोघं उभे आहेत. कादंबरीकाराला संवाद रचायचा हक्क आहे, तो त्याचा धंदाच आहे. गडबड होते ती आपण त्या रचलेल्या संवादाला पुरावा मानून भांडायला लागतो तेव्हा. कट्ट्यावरच्या अशा भांडणात समोरच्याला एकदा शांतपणे विचारून बघा, “हे तुला कुठून कळलं?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “सगळ्यांना माहितीये!”

हाच प्रश्न पुस्तकालाही विचारायचा. जे पुस्तक त्याचं उत्तर देतं ते इतिहासाचं. साधी कसोटी आहे. तिच्यातून तुमच्या स्पर्धा परीक्षेची गाइडंही सुटत नाहीत बरं का. त्यांत सनावळी असते, ती लागतेही, पण कुठली गोष्ट कोणी पाहिली, कोणी लिहून ठेवली, याचा पत्ता नसतो.

मग सुरुवात कुठून करायची? आमचं मत विचाराल तर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, असं कानावर आलं म्हणून हा तरुण काकांसोबत निघाला. साल १८५७! वाटेत शिपायांच्या बंडाची वार्ता कळली, तरी ही दोघं पुढं गेलीच. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट गावातच होते. तोफा, भिंतीला पडलेलं खिंडार, मग घराघरात शिरून केलेली कत्तल आणि लूट, जळालेला ग्रंथसंग्रह, हे सगळं त्यांनी पाहिलं, लपूनछपून जीव वाचवला आणि पुढं काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची गाठ कोणाशी पडली? घोड्यावरून आलेल्या, धुळीनं माखलेल्या, तहानलेल्या राणी लक्ष्मीबाईंशी. पुतळ्यातली राणी आणि ही विहिरीवरची राणी, दोघी शेजारी ठेवून बघा.

या पुस्तकाची मजा अशी की लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहितोय याचं दडपण नाही. दक्षिणा किती मिळाली, जेवण कसं होतं, कोणी कसं लुबाडलं, सगळं येतं. पैसे मिळवायला गेलेला माणूस जवळजवळ रिकाम्या हातानं घरी येतो, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र खांद्यावरून आणतो. अशा माणसाचं ऐकावंसं वाटतं.

पण त्याच्यावर सगळा विश्वास टाकायचा का? इथं खरी गंमत सुरू होते. प्रवास १८५७-५८ चा आणि लेखन पंचवीसेक वर्षांनंतरचं, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून केलेलं. आठवण इतक्या वर्षांत सरकते. शिवाय झाशी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, पण बंडाबद्दलचं बरंचसं त्यांच्या कानावर आलेलं. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये, तेही वैद्यांनी फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली, म्हणजे सहा दशकं मराठी वाचक विष्णुभटांच्या नावावर वैद्यांनी हात फिरवलेला मजकूर वाचत होते. तेव्हा विकत घेताना किंवा ग्रंथालयातून आणताना आवृत्ती कोणती ते आधी पाहा. पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, हे पेन्सिलीनं समासात लिहीत गेलात तर (पुस्तक स्वतःचं असेल तरच!) इतिहासकार काय काम करतात ते एका आठवड्यात कळेल.

यानंतर थोडं जड काहीतरी. पानिपत आपल्याला विश्वास पाटलांच्या कादंबरीतून माहीत असतं. ती जरूर वाचा, पण तिच्या पाठोपाठ त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ हातात घ्या. शेजवलकर पत्रव्यवहार पुढ्यात मांडून बसतात. १४ जानेवारीची लढाई हा त्यांच्या दृष्टीनं शेवटचा अंक. त्याआधी अडीच महिने छावणी कोंडलेली, रसद तुटलेली, माणसं आणि जनावरं उपाशी, आणि या सगळ्यामागं दिल्लीपासून पुण्यापर्यंतचं वर्षानुवर्षांचं राजकारण. त्यांची मतं ठाम आहेत, काही ठिकाणी तर फारच ठाम. तुम्हाला ती पटणार नाहीत असंही होईल. पण त्यांच्याशी भांडायचं तर तेवढीच कागदपत्रं घेऊन यावं लागतं आणि असं भांडण करण्यात शहाणं व्हायला होतं. पहिली पन्नास पानं रेटावी लागतील. रेटा.

एवढं नको वाटत असेल तर एक चोरवाट आहे. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ बहुतेकांच्या घरी असते. तिला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे, पत्राच्या रूपातली, आणि लोक ती सरळ ओलांडून पहिल्या प्रकरणावर जातात. उलटं करा. एका कादंबरीच्या दारातच उभं राहून कुरुंदकर शिवचरित्रातले अवघड प्रश्न विचारतात. राजा गेला, पाठोपाठ त्याचा मुलगाही मारला गेला, तरी लोक औरंगजेबाशी इतकी वर्षं का लढत राहिले? तलवारबाजीच्या वर्णनांतून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. कारभार, शेतसारा, रयत यांच्याकडे वळावं लागतं.

इंग्रजी चालत असेल तर रिचर्ड ईटन यांचं दख्खनच्या सामाजिक इतिहासावरचं पुस्तक शोधा. आठ माणसांच्या आयुष्यांतून चारशेहून जास्त वर्षं सांगितली आहेत. त्यात तुकाराम आहेत, ताराबाई आहेत आणि इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जाऊन पुढं निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबरही आहे.

आणि राजेरजवाड्यांचा कंटाळा आला असेल तर? तोही येतो, त्यात काही गैर नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ घ्या, १९८९ चं. आंबेडकरी चळवळीत स्त्रियांनी काय केलं हे छापील इतिहासात जवळजवळ कुठंच नव्हतं. या दोघींनी ते जुन्या पत्रांतून, अंकांतून शोधलं आणि चळवळीत वावरलेल्या, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या बायकांकडे जाऊन त्यांना बोलतं केलं. सभेला कशा गेलात, घरी कोण काय बोललं, पोरं कोणाकडे ठेवलीत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली होती. आजच्या नागपुरातल्या किती कॉलेजांतल्या मुलामुलींना ती माहीत आहे? त्या बायकांना तेव्हा कोणी विचारलं नसतं, तर त्यांच्याबरोबरच हे सगळं गेलं असतं.

यातली बरीच पुस्तकं तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटांत असतात. तिथं नाही मिळाली तर जिल्हा ग्रंथालय, पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्टातले फुटपाथ. हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात. आणि घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तिच्याजवळ बसा. ७२ च्या दुष्काळात तुम्ही काय खात होता, इथपासून विचारायला हरकत नाही. ती काही सांगून थांबली, की तिलाही विचारा, आजी, हे तू पाहिलंस की ऐकलंस?