पवनऊर्जेचा वाटा मोजायचा कसा?

३१ मार्च २०२५ रोजी भारतातील पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० गिगावॅटच्या किंचित पुढे गेली. सर्व प्रकारच्या वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता त्या दिवशी सुमारे ४७५ गिगावॅट होती. म्हणजे क्षमतेत वाऱ्याचा हिस्सा साडेदहा टक्के. मात्र त्याच आर्थिक वर्षात पवनचक्क्यांची निर्मिती भरली सुमारे ८३ अब्ज युनिट आणि देशाची एकूण निर्मिती १,८०० अब्ज युनिटांच्या वर. या हिशेबाने वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. समर्थक पहिला आकडा पुढे करतात, विरोधक दुसरा, आणि चर्चा तिथेच अडते. भार प्रेषण केंद्रात बसलेल्या अभियंत्याला यांपैकी एकही आकडा पुरत नाही.

क्षमता आणि युनिट यांतली तफावत आधी वाऱ्याच्या स्वभावातून येते. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला की शक्ती एक-अष्टमांश उरते. सर्वसाधारण टर्बाइन सेकंदाला तीन मीटर वेगाला फिरू लागते, अकरा-बारा मीटरला पूर्ण क्षमतेला पोचते आणि पंचवीसच्या सुमारास सुरक्षिततेसाठी थांबते. पण तफावतीचा मोठा भाग धोरणाच्या इतिहासातून आला आहे, आणि तो विसरला जातो. १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू आणि कोकणच्या किनाऱ्यावर पहिले प्रकल्प उभे राहिले तेव्हा एका यंत्राची क्षमता ५५ किलोवॅट होती. पुढे दीर्घकाळ गुंतवणुकीला चालना मिळाली ती वेगवर्धित घसाऱ्याच्या करसवलतीतून. ही सवलत यंत्र उभारल्याबद्दल होती, वीज दिल्याबद्दल नव्हे. युनिटमागे ५० पैसे देणारे निर्मिती-आधारित प्रोत्साहन २००९ मध्ये आले आणि स्पर्धात्मक लिलाव २०१७ मध्ये. परिणामी सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा आजही ठेंगण्या मनोऱ्यांनी आणि लहान पात्यांनी अडवून ठेवल्या आहेत. देशाचा सरासरी क्षमता वापर २० टक्क्यांच्या आसपास दिसतो तो या जुन्या-नव्या यंत्रांची बेरीज करून. उंच मनोऱ्यावरची आजची टर्बाइन चांगल्या जागी ३० टक्क्यांच्या पुढे जातात. जुन्या यंत्रांच्या सरासरीवरून नव्या यंत्रांचा निवाडा करणे हे अभियंत्याला शोभणारे नाही. जुनी यंत्रे उतरवून त्याच जागी मोठी बसवण्याचे धोरण केंद्राने २०२३ मध्ये नव्याने जाहीर केले आहे. त्याची अंमलबजावणी हा वाटा वाढवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

वार्षिक टक्केवारी आणखी एक गोष्ट झाकते. भारतातील पवनवीज मुख्यतः मे ते सप्टेंबर या महिन्यांत मिळते. ती मोजक्या राज्यांत एकवटलेली आहे: गुजरात, तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र, राजस्थान, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश. जुलैतल्या एखाद्या दिवशी तमिळनाडूच्या ग्रीडवर वारा हा मुख्य स्रोतांपैकी एक असतो, आणि डिसेंबरात बिहारमध्ये त्याचा मागमूस नसतो. दोन्हींना साडेचार टक्के हा एकच आकडा लावणे निरर्थक आहे. शिवाय ढगांमुळे सौर निर्मिती घटते त्याच महिन्यांत वारा जोरात असतो आणि सूर्यास्तानंतरही तो वाहत असतो. सौर क्षमता झपाट्याने वाढल्यामुळे दुपारचे युनिट आता स्वस्त झाले आहे. अडचण उरते ती संध्याकाळची. म्हणून वाऱ्याच्या संध्याकाळच्या युनिटाची किंमत त्याच्या दुपारच्या युनिटाहून अधिक धरायला हवी.

सातारा जिल्ह्यात हा मुद्दा जवळून पाहता येतो. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत आणि खाली खोऱ्यात १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि जलवर्ष १ जूनला सुरू होते. पावसाळ्यात पठारावरच्या वाऱ्याने जितका भार उचलला आणि त्यामुळे कोयनेची यंत्रे जितकी कमी चालवावी लागली, तितका कोटा मागे राहतो. धरण भरून दरवाजे उघडावे लागले तरी हा कोटा वाहून जात नाही. तो एप्रिल-मेच्या संध्याकाळी, राज्याची मागणी चढलेली असताना वापरता येतो. म्हणजे जुलैत वाऱ्याने दिलेल्या युनिटाची खरी कमाई नऊ महिन्यांनी दिसते आणि ती जलविद्युतच्या खात्यावर जमा होते. डेन्मार्क वर्षभराच्या निर्मितीत निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याला देऊ शकतो, त्यामागेही नॉर्वेच्या जलविद्युतशी जोडलेल्या वाहिन्यांचा आधार आहे.

‘पवनचक्कीच्या प्रत्येक मेगावॅटमागे एक मेगावॅट कोळसा राखून ठेवावा लागतो,’ हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. तो टिकत नाही. ग्रीडमधला राखीव साठा एकेका केंद्रासाठी वेगळा नसतो; तो सर्वांचा मिळून असतो. ६६० मेगावॅटचा औष्णिक संच एका क्षणात ट्रिप होतो, त्याचीही तजवीज त्याच साठ्यातून होते. दूरदूर पसरलेल्या पवनक्षेत्रांच्या अंदाजातल्या चुका काही अंशी एकमेकींना छेदतात. तरीही आक्षेपात एक खरा अंश आहे. वाऱ्याला वाट देण्यासाठी औष्णिक संच ५५ टक्के भारावर आणला की त्याचा उष्मा दर बिघडतो, म्हणून वाऱ्याच्या एका युनिटामागे कोळशाची बचत पूर्ण एका युनिटाची होत नाही. ही घट मोजता येते आणि ती मोजून सांगितली पाहिजे. ती लपवल्याने पवनऊर्जेचे भले होत नाही.

उरतो तो वापरला न गेलेला वारा. पवनवीज ‘मस्ट-रन’, म्हणजे उपलब्ध असेल तेव्हा ग्रीडने आधी घ्यायची, असली तरी पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्या किंवा मागणी उतरली की पवनक्षेत्रांना निर्मिती घटवण्याच्या सूचना दिल्या जातात. तेव्हा पात्यांचा कोन बदलून यंत्र थांबवले जाते. ते युनिट निर्माणच होत नाहीत, त्यामुळे निर्मितीच्या तक्त्यात त्यांची नोंद नसते आणि उणीव ग्रीडची असूनही वाटा वाऱ्याचा कमी दिसतो. पंधरा मिनिटांच्या प्रत्येक ब्लॉकसाठी पवनक्षेत्राचा अंदाज, प्रत्यक्ष निर्मिती आणि घट-सूचना या तिन्ही नोंदी भार प्रेषण केंद्रांकडे असतात. राज्यनिहाय आणि महिनानिहाय अहवालात त्या शेजारी शेजारी छापल्या, तर वाहिनी कुठे वाढवायची आणि साठवणूक कुठे बसवायची याचा निर्णय त्याच तक्त्यावरून घेता येईल.