पाहुण्यांची मुंबई

मुंबईकराला आपली मुंबई पाहायची असली, तर त्याच्या घरी गावाहून पाहुणे यावे लागतात. एरवी भायखळ्याच्या पुलावरून रोज दोनदा जाणारा माणूस राणीच्या बागेकडे दहा-दहा वर्षे फिरकत नाही. मग दिवाळीत साताऱ्याहून मावशी मुलाबाळांसह दाखल होते आणि हा गृहस्थ बाग, संग्रहालय, म्हातारीचा बूट आणि चौपाटी अशी चारधाम यात्रा एका दिवसात उरकून टाकतो. रात्री मुलांना विचारावे, "काय काय पाहिलेत रे?" उत्तर ठरलेले : "भेळ!"

यात मुलांचा काडीइतकाही दोष नाही. ज्या ठिकाणी ती घटकाभर थांबली तेवढेच तिच्या लक्षात राहिले. म्हणून माझा नियम साधा आहे : एका दिवशी एकच ठिकाण, आणि तिथे कशापाशी किती वेळ थांबायचे हे मुलांनी ठरवायचे.

सुरुवात राणीच्या बागेपासूनच करा. १८६२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला मिळतात, तेव्हा मुले आधी तिकडे धावणार. धावू द्या. मात्र परतताना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती चुकवू नका. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते तुकडे जुळवून त्याला पुन्हा उभे केले. ही हकीकत मी माझ्या पुतणीला सांगितली, तेव्हा ती पठ्ठी अर्धा तास हत्तीभोवती फिरून सांधे शोधत राहिली. इंग्रजांच्या राज्याविषयी तिने त्या दिवशी मला जितके प्रश्न विचारले, तितके शाळेत वर्षभरात विचारले नसतील!

आत गेलात तर जुन्या मुंबईतली माणसे मातीच्या लहान पुतळ्यांच्या रूपाने भेटतात. १८७२ साली खुली झालेली ही देखणी इमारत लोकवर्गणीतून उभी राहिली, आणि त्या कामी नाना शंकरशेट व भाऊ दाजी यांनी पुढाकार घेतला होता, हेही मुलांच्या कानावर घाला.

दुसऱ्या सुट्टीला कोटातले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याची इमारत १९१४ साली तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचे रुग्णालय थाटले गेले आणि संग्रहालय उघडायला १९२२ साल उजाडले. तिथे अकबर बादशहाचे चिलखत आणि ढाल आहे. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत. २०१९ पासून आवारात खास मुलांचे संग्रहालयही आहे.

मलबार हिलवर १९५२ सालचे कमला नेहरू उद्यान आणि त्यातला म्हातारीचा बूट यांची ओळख करून द्यायला नको. पण समोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानाच्या हिरवळीखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे, हे किती मुलांना ठाऊक असते? दक्षिण मुंबईतल्या घराघरांत येणाऱ्या पाण्याच्या डोक्यावर आपण बागडत आहोत, हे कळल्यावर मुले क्षणभर पाय उचलूनच चालतात. तसेच धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीकाठी जिथे एके काळी शहराचा केरकचरा पडत असे, तिथे झाडे लावून रान उभे केले आणि १९९४ साली ते लोकांना खुले झाले. उकिरड्याचे रान होऊ शकते, हा धडा शंभर सुविचारांहून मोलाचा आहे.

एवढे सगळे सांगायचे कारण असे की, मुंबईच्या मुलाला अंगण नाही. दिवाळीचा किल्लासुद्धा बिचारी गॅलरीच्या कोपऱ्यात, विकतच्या मातीने बांधतात. या बागा आणि ही संग्रहालये हेच त्यांचे अंगण. आणि ज्या अंगणात कुणी पाऊल टाकत नाही, ते आपले राहत नाही. मोकळ्या जागेवर डोळा ठेवणाऱ्यांची या शहरात वाण नाही. १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आज बंद आहे. 'एकदा मुलांना दाखवू या' असे म्हणत राहिलेल्या कितीतरी आईबापांचे ते दाखवायचे राहूनच गेले.

तेव्हा मंडळी, यंदा मावशीची वाट पाहू नका. फराळ पोटभर करा, पाण्याची बाटली घ्या आणि निघा. भायखळ्याला जायचे तर बुधवार टाळा. बाग आणि संग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात. आणि हो, मनगटावरचे घड्याळ तेवढे घरी ठेवा.