कुदळ मारण्यापूर्वी

शहरातला रस्ता खोदला जातो तेव्हा जमिनीखाली काय आहे हे ज्याला सर्वांत कमी ठाऊक असते, नेमकी त्याच्याच हाती कुदळ दिली जाते. विजेच्या केबलवर घाव बसला तर होरपळतो तो नाक्यावरून रोजंदारीवर आणलेला मजूर. आणि निष्काळजीपणाचा ठपका येतो तोही बहुधा त्याच्याच माथी. ही अटळ दुर्घटना नव्हे. ही कंत्राटी व्यवस्थेची रीत आहे.

भूमिगत वाहिन्या शोधण्याचे तंत्र आज अज्ञात राहिलेले नाही. प्रक्षेपकाने धातूच्या नळात वा केबलमध्ये ठरावीक वारंवारतेचा प्रवाह सोडायचा आणि भोवती निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र हातातल्या ग्राहकयंत्राने टिपत मार्ग व अंदाजे खोली ठरवायची, एवढे ते सोपे आहे. परंतु यंत्र म्हणजे दिव्यदृष्टी नव्हे. केबलमधून वीज वाहत नसेल तर केवळ ५० हर्ट्झचा संकेत शोधणारे यंत्र मूक राहते. प्लॅस्टिकच्या वायूवाहिनीसोबत धातूची तार पुरलेली नसेल तर ती या यंत्राला सापडतच नाही. तिथे जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार उपयोगी पडते. पण आपल्या ओल्या काळ्या मातीत त्या लहरी लवकर विरतात. म्हणूनच नकाशा, यंत्र आणि शेवटी हाताने सावकाश खणलेला चाचणी-खड्डा, या तिहींची जोड लागते. त्यासाठी वेळ आणि प्रशिक्षित माणूस हवा. कंत्राटदाराला नेमक्या याच दोन गोष्टींवर खर्च करावयाचा नसतो.

या काटकसरीची किंमत कोण मोजतो? ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईच्या जलबोगद्याला इजा झाली आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवस मुंबईकरांवर १५ टक्के पाणीकपात लादली गेली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. बंगल्यांतल्या टाक्या अशा वेळी टँकरने भरतात. चाळीतली व झोपडपट्टीतली बाई हंडा घेऊन उभी राहते. बेल्जियममध्ये ३० जुलै २००४ रोजी तर बांधकामात आधीच घाव बसलेली वायूवाहिनी फुटून २४ जणांचा बळी गेला. त्यांत कामगार होते, अग्निशामक जवान होते.

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू केले. बेबंद खोदकामाने देशाचे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारनेच सांगितले. खोदणाऱ्याने वाहिनीच्या मालकाला पूर्वसूचना द्यावी ही कल्पना स्वागतार्हच आहे. परंतु सूचना म्हणजे शोध नव्हे. मालकाकडचा नकाशाच जुना वा चुकीचा असेल तर ॲप काय करणार? आणि सरकारच्या हिशेबात तुटलेल्या केबलींची किंमत आहे. भाजलेल्या हातांची कुठे आहे?

आमची मागणी स्पष्ट आहे. सार्वजनिक रस्त्याखाली पुरलेल्या प्रत्येक वाहिनीचा नकाशा ही सार्वजनिक मालमत्ता मानली पाहिजे. तो दडविण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला असू नये. वाहिन्यांचा शोध हे निविदेतील स्वतंत्र, सक्तीचे कलम असावे आणि त्याचा दर आधीच निश्चित व्हावा, म्हणजे कमी बोलीच्या स्पर्धेत त्यावर कात्री चालणार नाही. शोधाच्या खुणा जमिनीवर आखल्याखेरीज काम नाकारण्याचा मजुराला हक्क हवा, आणि त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये. अपघात झाल्यास जबाबदारी मूळ मालकाची व मुख्य कंत्राटदाराची. मुकादमाच्या आड कोणालाही लपता येऊ नये.

कार्यकर्त्यांनी हे काम विधिमंडळावर सोपवून स्वस्थ बसू नये. आपल्या वॉर्डात रस्ता खोदला जात असेल तिथे जावे, खोदकामाचा परवाना व नकाशा पाहावयास मागावा, शोध कोणी घेतला हे विचारावे, आणि कुदळ चालविणाऱ्याशी बोलावे. यंत्र आज उपलब्ध आहे. ते मजुराच्या पायाखालची जमीन तपासण्यासाठी वापरण्यास भाग पाडणारी संघटित शक्ती आपल्याला उभी करावयाची आहे.