कहाणी पुन्हा पहिल्यापासून



टेंभुर्णीत (सोलापूर जिल्ह्यातले नव्हे, आमचे जाफराबाद तालुक्यातले) बचत गटाची बैठक होती. हप्ते भरून झाल्यावर एका बाईने विचारले, "ताई, त्या मनाच्या डॉक्टरकडं गेल्यावर काय करतेत? शॉक देतेत का?" बाकीच्या हसल्या, ती हसली नाही. चार महिने तिला झोप नव्हती. अंगारे-धुपारे झाले होते, सलाइन लावून झाले होते. 'समुपदेशनाला चल' असे आम्ही महिनाभर तिच्या मागे लागलो होतो, पण तिथे नेमके काय होते हे एकीनेही तिला सांगितले नव्हते. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या मीसुद्धा नाही.

मग मी तिच्याबरोबर गेले आणि दुसरी चूक केली. समुपदेशक बाईंनी तिला विचारले, "काय त्रास होतो?" उत्तर मी दिले. नवऱ्याची दारू, कर्ज, मारहाण, सगळे मुद्देसूद, केस मांडावी तसे. परतताना एसटीत ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते खरंच हाय. पर मला दुसरंच सांगायचं होतं." पुढच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले. पाच-सहा भेटी झाल्या, ती थोडी झोपू लागली. तेवढ्यात त्या बाईंचे कंत्राट संपले. जागेवर नवीन बाई आल्या. आता ती विचारते, "परत पहिल्यापासून सांगू का?"

तिला विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून या वेळचे संपादकीय त्यावर.

आधी कोण काय करते ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, ते गोळ्या देत नाहीत. 'आपले शिक्षण काय, नोंदणी आहे का?' असे विचारणे हा उद्धटपणा नाही. डोळ्याच्या डॉक्टरची पाटी आपण वाचतोच ना!

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती घेण्यात जातो. झोप, भूक, घरात कोण कोण, पूर्वीचे आजारपण, चालू असलेली औषधे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असेही विचारतील. त्याने दचकू नये. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा असतो आणि खरे उत्तर दिल्याने कोणी पोलिसात देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे.

सगळे एका दिवसात सांगायचे नसते. 'हे आज नको' असे म्हणता येते. पहिल्या भेटीनंतर हलके वाटेलच असे नाही. उलट एखादा दिवस जास्त रडू येईल. जखम उघडली की ठणकते, तसे ते आहे. तीन-चार भेटींनंतर मात्र स्वतःला विचारावे: ही बाई माझे ऐकते का? मला इथे भीती वाटते का? पटले नाही तर तसे तोंडावर सांगावे, आणि तरीही जमले नाही तर दुसरीकडे जावे. त्यात कृतघ्नपणा काही नाही.

गुप्ततेचे आधीच विचारून घ्यावे. त्याच कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. पण त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर इतरांना कळवावे लागते. अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे बाईला बोलण्याआधी माहीत असले पाहिजे, नंतर नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे 'समुपदेशन' म्हटले की नवरा-बायकोला समोरासमोर बसवून 'जरा सांभाळून घ्या' सांगणे, असाच अर्थ बायकांच्या मनात बसला आहे. तो उपचार नव्हे, तो समेट. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनीही, समुपदेशनात पुरुषाला हिंसेचे समर्थन करू देऊ नये असे बजावले आहे. कोणी 'तुम्हीच काही बोलला असाल' म्हणाले, तुमचे बोलणे घरच्यांना परस्पर सांगितले, किंवा नको तिथे हात लावला, तर उठून बाहेर यावे आणि आपल्या गटाला सांगावे.

आता तिच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, सगळे पहिल्यापासून सांगायला हवेच असे नाही. आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क कायद्यात आहे. 'जुन्या बाईंनी काय लिहिले ते आधी वाचा, मग मी बोलते' असे म्हणता येते. पण नवी माणसे वेगळे प्रश्न विचारतात, हेही खरे. जे पहिल्या वेळी राहून गेले, ते दुसऱ्या वेळी कधी कधी निघते. पहिल्या बाईंची आठवण येणे, नव्या बाईंचा राग येणे साहजिक आहे. तेही त्यांना सांगावे. उपचारात त्यालाही जागा असते.

मात्र हे सगळे बाईच्या हुशारीवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही. वर्षानुवर्षे राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच होती. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हते. आजही टेंभुर्णीहून जालन्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येते. पण घरात मोबाइल एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, हे आपल्याला माहीत आहे. शिवाय दर खेपेला पलीकडचा आवाज तोच असेल असे नाही.

म्हणून आपल्या गटांनी तीन कामे अंगावर घ्यावीत. बाईला पाठवण्याआधी तिथे काय होते ते सांगणे. सोबत जाणे, पण दाराबाहेर थांबणे. आणि समुपदेशकांची पदे अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरण्याविरुद्ध आवाज उठवणे. बदल अटळच असेल तर जुन्या बाईंनी नव्या बाईंशी ओळख करून देणारी एक भेट तरी घडवावी, असा आग्रह धरणे. विश्वास काही खुर्चीबरोबर नव्या माणसाच्या ताब्यात देता येत नाही.

येत्या मंगळवारी ती नव्या बाईंकडे जाणार आहे. काय विचारायचे ते तिने मुलीकडून वहीच्या पानावर लिहून घेतले आहे. पहिला प्रश्न असा: "तुम्ही किती दिवस ऱ्हाणार?"

मी बाहेर बाकावर असेन. तुमच्या गावचे अनुभव जरूर कळवा.